बंदी आणि तग

गोव्यात खाणीचे वर्ष पावसाच्या तालावर चालायचे. जून लागला की मांडवी आणि झुवारीच्या मुखाशी समुद्र खवळतो. बार्जना बाहेर नांगरलेल्या जहाजांपर्यंत जाता येत नाही, खड्ड्यांत पाणी भरते, लाल चिखलात टिपर रुततात. त्यामुळे पावसाचे चार महिने डागडुजीचे. या काळात ट्रकमालक पाटे बदलून घ्यायचे, टायरची सोय लावायचे, विमा आणि पासिंग उरकायचे. बँकेचे हप्ते मागच्या हंगामाच्या शिलकीतून भरले जायचे आणि चतुर्थी झाली की पहिल्या खेपेचे वेध लागायचे. २०१२ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. तिच्या नऊ दिवस आधी, १० सप्टेंबरला, राज्य सरकारने गोव्यातल्या सगळ्या लोहखनिज खाणींचे काम थांबवण्याचा आदेश काढला. १४ तारखेला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणींचे पर्यावरण दाखले स्थगित केले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खननाबरोबर खनिजाची वाहतूकही थांबवली. हंगाम सुरू व्हायच्या आतच संपला होता.

त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१०-११ मध्ये, गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले होते. त्यात शेजारच्या कर्नाटकातला मालही होता, तरी ३,७०० चौरस किलोमीटरच्या राज्यासाठी हा आकडा छाती दडपवणारा आहे. असा धंदा एका महिन्यात शून्यावर आला. पुढच्या दहा वर्षांत तो अडखळत सुरू झाला, पुन्हा बंद पडला आणि डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला तेव्हा चारही पट्टे जुन्याच घराण्यांनी आणि कंपन्यांनी जिंकले. वेदांता, साळगावकर, बांदेकर, फोमेंतो ही नावे गोव्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. या दहा वर्षांच्या बंद-चालूतून या कंपन्या तगल्या कशा, हे समजून घ्यायचे तर आधी खनिज जहाजापर्यंत कसे जायचे ते पाहायला हवे. तग धरण्याचे अर्धे उत्तर त्या साखळीतच आहे.

खाणीत यंत्राने माल उपसला जायचा, चाळला जायचा, धुतला जायचा. मग टिपरमधून तो नदीकाठच्या जेटीवर यायचा. एका टिपरमध्ये साधारण १० टन माल. जेटीवर तो बार्जमध्ये भरायचा, एका बार्जमध्ये दीड-दोन हजार टन. बार्ज नदीतून मुरगाव बंदराकडे जायची आणि तिथे किंवा बाहेरच्या नांगरवाड्यात माल मोठ्या जहाजात चढायचा. ७० हजार टनांचे एक जहाज भरायला टिपरच्या ७ हजार खेपा लागायच्या. साखळी, डिचोली, उसगाव, सावर्डे, कुडचडे या भागांतल्या रस्त्यांवर टिपरची रांग संपता संपत नसे, ती या हिशेबामुळे.

या साखळीत कोणाचे काय होते? खाणपट्ट्याचा कागद कंपनीचा, परदेशी खरेदीदाराशी करार कंपनीचा, मालाची चाळणी आणि धुलाई करणारा प्रकल्प कंपनीचा. टिपर मात्र बहुतेक गावकऱ्यांचे होते आणि बऱ्याच बार्ज स्वतंत्र मालकांच्या. गावागावांत याची सुरुवात एकसारखी झाली. खाणीचा गाळ शेतात उतरला, विहिरी आटल्या, लोक चिडले. तडजोड म्हणून कंपनीने सांगितले की वाहतुकीचे काम गावातल्याच ट्रकना देऊ. शेत गेलेल्या माणसाने कर्ज काढून ट्रक घेतला. भाव चांगला होता तोवर ही व्यवस्था सगळ्यांना सोयीची वाटली. पण तिच्यामुळे एक गोष्ट आपसूक घडली. साखळीतल्या कर्जाचा मोठा भाग कंपनीच्या वहीतून निघून गावातल्या पतसंस्थांच्या आणि बँकांच्या वहीत गेला. खेप झाली तरच भाडे मिळायचे आणि खेप नसली तर कंपनी कोणाचेच काही देणे लागत नसे. बंदी आली त्या दिवशी कंपन्यांच्या खर्चातला एक मोठा आकडा एका फटक्यात शून्य झाला. ट्रकमालकाचा हप्ता मात्र चालूच राहिला.

ही बंदी ‘अचानक’ आली असे तेव्हा सगळेच म्हणत होते. चतुर्थीच्या तोंडावर ट्रक उभा राहिलेल्या माणसासाठी ती अचानकच होती. लीजधारकांच्या फायलीत मात्र ती कित्येक वर्षे लिहिलेली होती. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या कायद्याखाली खाणींच्या सवलती दिल्या होत्या आणि त्या कायमच्या होत्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्या सवलतींचे काय करायचे हा प्रश्न पुढची २५ वर्षे लोंबकळत राहिला. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून सवलती रद्द केल्या आणि त्यांचे रूपांतर भारतीय कायद्याखालच्या लीजमध्ये केले. खाणमालकांनी त्याला आव्हान दिले, स्थगिती मिळवली आणि काम चालू ठेवले. या कायद्याच्या हिशेबाने मूळ लीजची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ ला संपत होती आणि २० वर्षांचे एक नूतनीकरण धरले तर २२ नोव्हेंबर २००७ ला. त्यापुढे खाणी चालल्या त्या एका नियमाच्या आधाराने. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल आणि सरकारने त्यावर निर्णय दिला नसेल, तर लीज चालू आहे असे मानायचे. सरकारने निर्णय दिलाच नाही आणि अर्ज कपाटात पडून राहिले. दुसऱ्या नूतनीकरणाला हा नियम लागूच होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्पष्ट सांगितले.

नेमक्या त्याच वर्षांत चीनची मागणी आकाशाला भिडली. गोव्याचा माल हलक्या ग्रेडचा, त्यात लोहाचे प्रमाण बरेचदा ५८ टक्क्यांच्या खाली. एरवी त्याला फारसे कोणी विचारत नसे. चिनी कारखाने तोही घेऊ लागले आणि दशकानुदशके टाकाऊ म्हणून रचून ठेवलेल्या डंपनाही भाव आला. डंप उचलायला कसले उत्खनन लागत नाही, फक्त टिपर लागतात. या घाईत लीजच्या हद्दी ओलांडल्या गेल्या, अभयारण्यांच्या कडेला काम झाले, दाखल्यात लिहिल्यापेक्षा जास्त माल उपसला गेला. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत मांडला गेला. त्यात राज्याचे नुकसान ३५ हजार कोटी रुपये असल्याचा अंदाज होता. त्या आकड्यावर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. लीजची मुदत पाच वर्षांपूर्वीच संपलेली आहे, हा मुद्दा मात्र कोणाला खोडता आला नाही. आयोगाच्या अहवालाच्या आधारे गोवा फाउंडेशन या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. या संस्थेचे क्लॉड आल्वारिस आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे एकेका खाणीचे दाखले तपासत आले होते. सरकारी कपाटातल्या ज्या कागदांवर कंपन्यांनी भरवसा ठेवला, तेच कागद या माणसांनी मागवून वाचले.

आता कंपन्यांकडे वळू. सेसा गोवाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर सुरू झालेली ही कंपनी पुढे जपानच्या मित्सुई समूहाकडे आली आणि एप्रिल २००७ मध्ये वेदांताने मित्सुईचा ५१ टक्के हिस्सा ९८ कोटी १० लाख डॉलरला विकत घेतला. म्हणजे न्यायालयाच्या हिशेबाने लीज संपायच्या सात महिने आधी. जून २००९ मध्ये सेसाने धेंपे घराण्याचा खाणव्यवसायही १,७५० कोटी रुपयांना घेतला. कर्नाटकातही तिची चित्रदुर्गची खाण होती, पण तिथे बळ्ळारीनंतर चित्रदुर्ग आणि तुमकूर जिल्ह्यांतल्या खाणी ऑगस्ट २०११ मध्येच न्यायालयाने थांबवल्या होत्या. सप्टेंबर २०१२ नंतर लोहखनिज विकून जगणाऱ्या या कंपनीकडे विकायला लोहखनिज उरले नाही. एखादी लहान कंपनी अशा वेळी संपली असती.

सेसा टिकली, कारण खड्ड्याबाहेरही तिचे काही होते. मांडवीकाठच्या आमोण्याला तिचा कच्च्या लोखंडाचा कारखाना होता आणि त्याला लागणारे कोक बनवण्याची सोयही तिथेच होती. कारखान्यासाठी खनिज कर्नाटकातल्या ई-लिलावातून आणता येत होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०११ मध्ये सेसाने केर्न इंडिया या तेल कंपनीचा २० टक्के हिस्सा घेतला होता. खाणी बंद पडल्याच्या वर्षी सेसाच्या ताळेबंदातला नफा मुख्यतः त्या हिश्शातून आला. गोव्याच्या मातीशी ज्याचा काही संबंध नाही, त्या राजस्थानच्या तेलाने गोव्याच्या खाणकंपनीचा ताळेबंद सावरला. २०१३ मध्ये वेदांता समूहाने सेसा आणि स्टरलाइट यांचे विलीनीकरण केले. त्यानंतर गोव्याचे लोहखनिज हा एका अवाढव्य समूहाच्या जमाखर्चातला एक लहानसा रकाना झाला. तो रकाना रिकामा राहिला तरी समूहाला फारसे जाणवण्यासारखे नव्हते.

धेंप्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी खाणी विकल्या तेव्हा जागतिक मंदीने भाव पडले होते. दीड-दोन वर्षांत, २०११ च्या सुरुवातीला, लोहखनिजाचा जागतिक भाव टनाला १९० डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा धेंप्यांनी घाई केली असे वाटू शकले असते. आणखी दीड वर्षाने बंदी आली. ती त्यांना दिसली होती असे मी म्हणणार नाही. पण जहाजबांधणी, वृत्तपत्रे, शिक्षणसंस्था असा त्यांचा पसारा आधीच होता आणि खाण हा त्यातला एक व्यवसाय होता, एकमेव नव्हता. गोव्यातल्या बहुतेक मोठ्या खाणघराण्यांचे असेच आहे. खनिजाच्या पैशातून हॉटेले उभी राहिली, जहाजे घेतली गेली, जमिनी घेतल्या गेल्या, फुटबॉलचे संघ पोसले गेले. त्यामुळे बंदीच्या काळात वाट पाहणे त्यांना परवडले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत निर्णायक ठरली. वकील, लॉबी, सरकारदरबारची ओळख या गोष्टींचा उपयोग होतोच. पण त्यांचा परिणाम दिसायला वर्षे लागतात आणि ती वर्षे काढण्याची ऐपत ज्याच्याकडे असते तोच शेवटी लिलावाच्या दिवशी हजर राहतो.

वाट पाहणे फुकट नसते, हे पनामात दिसले. कोब्रे पनामा ही तांब्याची खाण जगातल्या सुमारे एक टक्का तांब्याची धनी होती. २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्या नव्या कराराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २८ नोव्हेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करार घटनाबाह्य ठरवला. कॅनडाच्या फर्स्ट क्वांटम कंपनीची ही सर्वांत मोठी खाण होती. अडीच-तीन महिन्यांत कंपनीने नवे शेअर विकले, महाग व्याजाचे रोखे काढले आणि झांबियातल्या खाणीतून पुढे निघणाऱ्या तांब्यापोटी चिनी खरेदीदाराकडून आगाऊ पैसे उचलले. कंपनी वाचली, पण तिच्या जुन्या भागधारकांचा वाटा पातळ झाला.

काही कंपन्या खाण गमावूनही जगल्या आणि त्यांतली एक आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकच्या पश्चिम घाटातली कुद्रेमुख खाण मुळात इराणसाठी काढलेली. १९७५ मध्ये इराणच्या शहांच्या सरकारने कर्ज देऊ केले आणि तिथले सगळे खनिज आपण घेऊ असा करार केला. पुढच्या वर्षी भारत सरकारने कंपनी स्थापली, डोंगर फोडला, मंगळूरपर्यंत ६७ किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकली. खाण तयार होता होता १९७९ ची क्रांती झाली. शहा गेले, कर्जाचे हप्ते थांबले, खरेदीदारही गेला. कंपनी एका अशा डोंगरावर बसली होती, ज्याच्या मालाला गिऱ्हाईक नव्हते. बारीक भुकटीच्या रूपातला तो माल दुसऱ्या देशांना सहज विकता येईना, म्हणून १९८७ मध्ये मंगळूरला भुकटीच्या गोळ्या करण्याचा कारखाना सुरू झाला. दुसरा धक्का बसला तेव्हा हाच कारखाना उपयोगी पडला. खाण भद्रा नदीच्या उगमाच्या परिसरात होती, भोवती राष्ट्रीय उद्यान झाले होते, पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ३१ डिसेंबर २००५ ला खाण कायमची बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून या खाणकंपनीकडे स्वतःची एकही खाण नव्हती. तिने छत्तीसगडच्या बैलाडिला भागातले खनिज विकत घेऊन मंगळूरला गोळ्या बनवायला सुरुवात केली. तिची मिळकत पूर्वीसारखी राहिली नाही आणि कारखाना अनेकदा अर्धवट क्षमतेने चालला. ती सरकारी होती, म्हणून बुडू दिली गेली नाही, हेही खरे. तरीही पहिल्या संकटात केलेली दुरुस्ती दुसऱ्या संकटात अशी कामाला आल्याचे उदाहरण मला फारसे दुसरे आठवत नाही.

टांझानियात भांडण थेट सरकारशी होते. मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांच्या सरकारने सोने आणि तांबे असलेल्या खनिज-भुकटीची निर्यात एका फटक्यात थांबवली आणि दार-ए-सलाम बंदरातले २७७ कंटेनर अडवले. अकेशिया या कंपनीच्या तीन खाणींपैकी दोन या भुकटीवर चालत. सरकारी समित्यांनी म्हटले की कंपनी सांगते त्यापेक्षा कितीतरी जास्त सोने या कंटेनरांत आहे. जुलैमध्ये करखात्याने दंड आणि व्याज धरून १९० अब्ज डॉलरची मागणी पाठवली. हा आकडा देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ चौपट होता, त्यामुळे जगभर त्याची टिंगल झाली. पण खाणींतला माल अडकून पडला होता आणि कंपनीचा पैसा संपत चालला होता. सप्टेंबरमध्ये बुल्यान्हुलू खाणीचे काम कमी करून बहुतेक कामगारांना घरी बसवावे लागले.

या टप्प्यावर अकेशियाची मूळ कंपनी बॅरिक पुढे आली. तिचे अध्यक्ष जॉन थॉर्नटन स्वतः दार-ए-सलामला गेले आणि अकेशियाला बाजूला ठेवून वाटाघाटी केल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये समझोत्याचा आराखडा जाहीर झाला: खाणींच्या आर्थिक लाभाची निम्मी-निम्मी वाटणी, सरकारला १६ टक्के मालकी आणि ३० कोटी डॉलर. अकेशियाच्या स्वतंत्र भागधारकांना हा सौदा आवडला नाही. शेवटी २०१९ मध्ये बॅरिकने त्यांचे शेअर विकत घेतले, अकेशिया लंडनच्या बाजारातून नाहीशी झाली आणि तिच्या जागी त्विगा ही सरकारी भागीदारीची कंपनी आली. खाणी टिकल्या, बॅरिक टिकली, अकेशिया टिकली नाही. धक्का पचवण्याची किंमत साखळीतल्या कुठल्या तरी कडीला चुकवावीच लागते. टांझानियात ती कामगारांनी आणि लहान भागधारकांनी चुकवली, गोव्यात ट्रक आणि बार्जवाल्यांनी. मूळ कंपनीने स्वतःचा वाटा कमी करून घेतला, ही बॅरिकची शहाणपणाची चाल होती, कारण पुढे बोलणी करायला तिच्याकडे सरकार भागीदार म्हणून होते.

गोव्यात अशी तडजोड करायला समोर कोणी नव्हते. राज्य सरकार कंपन्यांच्या बाजूनेच होते, अडसर कायद्याचा होता. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नोव्हेंबर २००७ नंतरचे सगळे उत्खनन बेकायदा, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम गोव्याच्या कायमस्वरूपी निधीत, पुढच्या पिढ्यांसाठी. नवे पट्टे कसे द्यायचे ते सरकारने ठरवावे, असेही न्यायालयाने सांगितले. इथे एक सरळ मार्ग होता: लिलाव करायचा, नव्या अटी घालायच्या, स्वच्छ सुरुवात करायची. सरकारने मात्र जुन्याच लीजधारकांच्या ८८ लीजचे नूतनीकरण करून दिले. केंद्राचा लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ ला निघाला. गोव्यातली कित्येक नूतनीकरणे त्या आधीच्या आठवड्यातली होती आणि काही तर त्याच दिवसाची.

घाईने मिळवलेला हक्क किती टिकला? २०१५ च्या ऑगस्टमध्ये खाणी सुरू झाल्या तेव्हा भाव कोसळलेला होता. डिसेंबरपर्यंत तो टनाला ४० डॉलरच्या खाली गेला. त्यावर निर्यातकराचे ओझे होते, ते केंद्राने हलक्या ग्रेडसाठी त्या वर्षी १० टक्क्यांवर आणि २०१६ मध्ये शून्यावर आणले. गाडी जराशी रुळावर येते न येते तोच ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने सगळी ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी बंद करायला सांगितले. त्यानंतर जे झाले ते गोवेकरांनी पाहिले आहे. १९ मार्चला हजारो खाण अवलंबितांनी पणजीत मांडवीचा पूल अडवला. लाठ्या कंपनीच्या संचालकांच्या पाठीवर पडल्या नाहीत, ट्रक आणि मशीनवर काम करणाऱ्यांच्या पाठीवर पडल्या. कंपन्यांनी आधी ले-ऑफ दिला, मग कपात केली. २०१२ नंतर सरकारने ट्रकमालकांना मासिक मदत दिली, कर्जाच्या एकरकमी फेडीची योजना आणली. त्यांतले अनेक जण २०१५ मध्ये पुन्हा कर्ज काढून टिपर रस्त्यावर आणून बसले होते. त्यांच्यासाठी २०१८ चा धक्का पहिल्यापेक्षा जड होता. कितीतरी बार्ज भंगारात गेल्या.

कंपन्यांनी पुढची चार वर्षे पुन्हा वाट पाहिली. १९८७ च्या कायद्याने ५० वर्षांची मुदत २०३७ पर्यंत मिळायला हवी, असा युक्तिवाद त्यांनी न्यायालयात केला, तो चालला नाही. पुनर्विचार याचिका जुलै २०२१ मध्ये फेटाळल्या गेल्या. मे २०२२ मध्ये सरकारने जुन्या लीजधारकांना महिन्याभरात खाणी रिकाम्या करण्याची नोटीस दिली. त्याच महिन्यात केंद्राने लोहखनिजावर ५० टक्के निर्यातकर लावला, म्हणजे लिलाव होण्याआधीच धंद्यावर आणखी एक घाव. नोव्हेंबरमध्ये तो कर हटला आणि डिसेंबरमध्ये लिलाव झाला. डिचोलीचा पट्टा वेदांताने जिंकला, खनिजाच्या विक्रीकिमतीचा ६३ टक्क्यांहून अधिक वाटा राज्याला देण्याची बोली लावून. शिरगाव-मये साळगावकरांकडे, मोंत द शिरगाव बांदेकरांकडे, काले फोमेंतोकडे. २०१२ च्या आधी राज्याला रॉयल्टीतून जे मिळत होते त्याच्या तुलनेत हा वाटा कितीतरी पट आहे. न्यायालयात गेलेल्या लोकांचा हा विजय आहे, असे मी ठामपणे म्हणेन. डिचोलीत २०२४ मध्ये काम सुरू झाले.

पण शिरगावात जाऊन पाहा. देवी लईराईचे मंदिर, घरे, विहिरी, शेते यांच्या अंगाला भिडून खड्डे आहेत आणि लिलावाच्या पट्ट्याच्या रेषा वस्तीवरूनच काढलेल्या आहेत. आमची घरे आणि देवळे पट्ट्यातून वगळा, ही गावकऱ्यांची मागणी आहे. पुढचा दावा न्यायालयात जाईल तो अशाच रेषांवरून जाईल. १९८७ च्या कायद्याच्या मुदतीप्रमाणे हेही आज कागदावर स्पष्ट दिसते आहे. कंपनीला खरेच तग धरायचा असेल तर ही रेषा आजच मागे घेणे हे कुठल्याही वकिलापेक्षा स्वस्त पडेल.

दुसरी गोष्ट टिपरची. खनिजाच्या धंद्यात जहाज भाड्याने घेतले की करारात माल भरण्याचे दिवस ठरलेले असतात. बंदरात माल वेळेवर आला नाही आणि जहाज खोळंबले, तर भाडेकरूला जहाजमालकाला दर दिवसाचे विलंबशुल्क मोजावे लागते. बंदरावर सगळे त्याला डेमरेज म्हणतात आणि ते कंपनी मुकाट भरते, कारण करार तसा आहे. तोच माल जेटीपर्यंत आणणाऱ्या ट्रकसाठी असा करार कधी झाला नाही. नव्या पट्ट्यांवर आता पुन्हा ट्रक लागत आहेत. दर ठरवताना उभ्या राहिलेल्या दिवसाचा, निदान बँकेच्या हप्त्याएवढा, दर त्यात लिहून घ्यावा. तो कंपनीने द्यावा आणि बंदी सरकारच्या किंवा कंपनीच्या चुकीने आली असेल तर कायमस्वरूपी निधीला हात न लावता द्यावा. ट्रकमालक संघटनांनी दराच्या प्रत्येक बैठकीत ही पहिली अट म्हणून मांडावी, डिझेलच्या आणि प्रति टन भाड्याच्या आधी.